मोरपंखी आतून तपकिरी पडतेय? औषध आणण्याआधी या क्रमाने तपासा

लक्षणं आधी लिहितो, म्हणजे तुमचं झाड यांत बसतं की नाही ते लगेच कळेल.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार असा: जमिनीलगतच्या फांद्या खोडाच्या बाजूने तपकिरी होतात, टोकं मात्र हिरवी. बाहेरून झाड ठीक दिसतं. हात आत घातला की वाळका पाला भुरभुर खाली येतो. पावसाळाभर हे वर सरकत राहतं आणि दिवाळीच्या साफसफाईला झाड वाकवून बघावं तर आत नुसत्या काड्या.

दुसरा प्रकार याच्या उलट. नव्या कोवळ्या शेंड्यांची टोकं आधी वाळतात आणि वाळणं आतल्या बाजूला सरकतं. हिरवा आणि मेलेला भाग जिथे मिळतो तिथे राखाडी पट्टा, त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके.

तिसऱ्यात टोक-बूड काही नाही, सगळं झाडच निस्तेज होतं. आधी चमक जाते, मग फिकट हिरवं, मग पिवळट, मग तपकिरी. माती ओली असूनही झाड तहानलेलं वाटतं.

चौथा प्रकार एप्रिल-मेचा: पाल्यावर धूळ बसल्यासारखा राखट-कांस्य रंग येतो, धुतल्यावरही जात नाही, बारकाईने पाहिलं तर फांद्यांत जाळी दिसते. आणि पाचवा, फक्त एकच बाजू किंवा एकच फांदी जाते, बाकी झाड मजेत.

इंदुरात राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, कुठेही फाटकाच्या दोन्ही बाजूंना ही झाडं दिसतील. शाळेत पुस्तकात ठेवायची ती ‘विद्या’ हीच. मूळची चीन-कोरियाकडची, शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएन्टॅलिस. थंडी सोसते, ऊन सोसते, थोडा दुष्काळही सोसते. सोसत नाही ती एकच गोष्ट, मुळाशी साचलेलं पाणी. आणि आपण इंदूरकर तिला लावतो माळव्याच्या काळ्या मातीत, वर पाऊस हजार मिलीमीटरच्या आसपास आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मग बुरशी आली की दुकानातून पुडी आणतो. माझ्याकडे जेवढ्या मोरपंखी दाखवायला येतात, त्यांतल्या बऱ्याच जणींना औषधाआधी पाण्याचा बंदोबस्त लागतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तपकिरी झालेला पाला परत हिरवा होत नाही. कुठल्याच औषधाने नाही. मोरपंखीच्या जुन्या, उघड्या लाकडावर नवी पालवीही सहसा फुटत नाही. त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे तपकिरी भागाकडे बघून ठरवू नका. हिरव्याची सीमा जिथे आहे तिथे सुतळीचा सैल तुकडा बांधा आणि ती सीमा पुढे सरकते का ते बघा. थांबली, तर जिंकलात.

फक्त बघायचं, खर्च शून्य

पहिलं काम म्हणजे झाडाभोवती फेरी मारून तपकिरीपणा कुठून सुरू झाला ते ठरवणं. आतून बाहेर, टोकाकडून आत, सगळीकडून, की एकाच बाजूने? निम्मं निदान इथेच होतं, आणि ही पायरी सोडूनच बहुतेक लोक दुकानात जातात.

आतला जुना पाला थोडाथोडा गळणं हे निसर्गाचंच आहे. सूचिपर्णी झाडं सदाहरित असली तरी एकच पाला जन्मभर नेसत नाहीत. ही गळ झाडाच्या चारी बाजूंनी सारखी असते, खालपासून वरपर्यंत असते आणि थोड्या आठवड्यांत थांबते. रोगाची गळ खालून सुरू होते, ठिगळाठिगळांनी येते आणि वर चढत राहते. सोनेरी जातीच्या मोरपंखीचा रंग कडाक्याच्या थंडीत तांबूस होतो, तोही फेब्रुवारी-मार्चात आपोआप उतरतो. तो पाला मेलेला नसतो, चुरगळून बघा, लवचिक लागेल.

एकच बाजू गेली असेल तर त्या बाजूला काय आहे ते बघा. एसीच्या बाहेरच्या डब्याची गरम हवा थेट अंगावर येते का? पश्चिमेची सिमेंटची भिंत तापते का? फाटकाजवळच्या झाडाचा फक्त गुडघ्याखालचा भाग जळाल्यासारखा असेल तर गल्लीतल्या कुत्र्यांकडे बोट दाखवा. मुतातल्या क्षारांनी पाला जळतो. आणि एकच फांदी गेली असेल तर तिच्या बुंध्यापर्यंत बोट फिरवत जा. गेल्या दिवाळीची किंवा गणपतीची झालर काढली, पण बांधलेली तार तशीच राहिली, हे इतक्यांदा सापडतं की मी आता आधी तारच शोधतो. फांदी जाडावते, तार आत रुतते, पुढचा भाग उपाशी मरतो.

पांढरा कागद

वहीचा कोरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर दोन-चार टिचक्या मारा. पडलेली धूळ मिनिटभर न्याहाळा. ठिपके चालायला लागले तर कोळी कीड. कागदावर बोट फिरवल्यावर तांबडी-हिरवी रेघ उमटली तर खात्रीच.

हे बुरशीच्या आधी का तपासायचं? कारण कोळ्यांवर बुरशीनाशक चालत नाही, आणि ‘सगळ्यांवर चालणारं’ म्हणून दिलेलं कीटकनाशक मारलं तर कोळी खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि कोळी दुप्पट जोमाने वाढतात. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा सकाळी पाइपने आतून-बाहेरून जोरात धुवा. साध्या पाण्याने बरंच भागतं. त्यावर न भागल्यास कोळीनाशक म्हणूनच विकलं जाणारं औषध मागा.

खुरपी आणि बोट

इथे जरा थांबून वाचा, कारण इंदुरात झाड बहुतेक वेळा इथेच सापडतं.

बुंध्यापासून वीतभर अंतरावर खुरपीने चार इंच उकरा आणि बोट घाला. काळी माती वरून भेगाळलेली आणि खाली चिकट ओली असू शकते. वरची भेग बघून ‘झाड सुकलंय’ म्हणत रोज पाणी घालणारे कितीतरी लोक आहेत. विचारलं तर म्हणतात, “अहो, पाणी तर रोज घालतो ना!” तेच तर. या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते, कणांमधल्या पोकळ्या मिटतात, हवा बाहेर जाते आणि मुळं गुदमरतात. सुकली की आकसते आणि भेगा पडताना बारीक मुळं तोडून टाकते. दोन्हीकडून मार मुळांनाच. खालची माती वाफशावर आली असेल, म्हणजे मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, तेव्हाच पुढचं पाणी.

मग बुंधा उघडा करा. खोड जमिनीत शिरतं तिथे मुळांचा पसारा सुरू होताना दिसला पाहिजे. तो दिसत नसेल, खोड सरळ खांबासारखं आत गेलं असेल, तर झाड खोल लावलंय किंवा माळ्याने दर वर्षी आळ्यात माती चढवून साल पुरली आहे. ती जादा माती काढा. आळं बुंध्याला चिकटून नको, फांद्यांच्या घेराखाली गोल नालीसारखं हवं.

रोपवाटिकेतून गोणपाटात किंवा काळ्या पिशवीत आलेलं रोप चिकट मातीच्या घट्ट गोळ्यासकट येतं. पिशवी न काढता ते तसंच पुरलं असेल तर मुळं आतल्या आत गोल फिरतात. लावून वर्ष-दोन वर्षंच झालेल्या झाडाला हे नक्की तपासा.

निचरा मोजायचा असेल तर झाडापासून जरा बाजूला फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, आणि परत भरा. या दुसऱ्या वेळचं पाणी तासाला इंचभर तरी उतरलं पाहिजे. सकाळी भरलेलं संध्याकाळी तसंच दिसलं, तर तिथे मोरपंखी जगवण्याचा खर्च नव्या झाडापेक्षा जास्त होईल. गच्चीवरच्या गमल्यांना हाच नियम: खालचं भोक सळईने मोकळं करा आणि बशी काढून टाका.

नळाला येणारं नर्मदेचं पाणी आणि बोअरचं पाणी यांतला फरकही इथेच नोंदवा. बोअरच्या खारट-जड पाण्यावर वाढणाऱ्या झाडाची टोकं जळतात आणि ते हुबेहूब शेंडेमर, म्हणजे वरचा दुसरा प्रकार, वाटतं. फरक इतकाच की क्षाराने जळालेल्या टोकांवर काळे ठिपके नसतात, आणि बहुतेक टोकं एकसारखी जळतात.

नख आणि भिंग

तपकिरी फांदीची साल नखाने खरवडा. खाली हिरवं ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे, फक्त पाला गेला आहे. खाली तपकिरी कोरडं असेल तर कापायचीच आहे. हे बघितल्याशिवाय कात्री लावू नका.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा करून बघा. पूर्ण मेलेला भाग नको, हिरवं आणि तपकिरी जिथे मिळतं ती सीमा बघा. मेलेल्या पाल्यावर नंतर कुठलीही मढ्यावरची बुरशी उगवते, तिला बघून निदान चुकतं. सीमेवर राखाडी पट्टा आणि काळे ठिपके असतील तर फोमॉप्सिससारखी शेंडेमर. आतल्या, खोडाजवळच्या पाल्यावर शेवाळी-तपकिरी, मखमली बारीक झुपके असतील तर सर्कोस्पोरा गटातली पानकरपा, पहिल्या प्रकारातली. पेस्टालोशियॉप्सिस नावाची आणखी एक दिसते, पण ती मुळात दुबळ्या झाडाला धरणारी. ती दिसली की मी औषधाआधी पाणी आणि मुळं परत तपासतो.

काहीच दिसलं नाही तर सीमेवरचा तुकडा ओलसर टिशूबरोबर झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस सावलीत ठेवा. बुरशी असेल तर ओलाव्यात तोंड काढते.

परदेशातल्या मुला-भाच्यांकडूनही असेच फोटो येतात, फक्त झाड वेगळं असतं: स्प्रूस, थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड. आपल्याकडे मैदानात तो जगत नाही. मिशिगन-मिनेसोटाकडच्या अंगणांत जो निळसर कोलोरॅडो ब्लू स्प्रूस लावतात, त्याला ऱ्हायझोस्फेरा काल्कहॉफी ही बुरशी फार धरते. नॉर्वे स्प्रूस त्या मानाने टिकाव धरतो. लक्षणं आपल्या पहिल्या प्रकारासारखीच, खालून वर, आतून बाहेर. स्प्रूसच्या सुईवर, म्हणजे सुईसारख्या पानावर, श्वासरंध्रांच्या ओळी असतात, त्या निरोगी सुईवर पांढऱ्या दिसतात. रोग असेल तर त्याच ओळीत पांढऱ्याऐवजी काळे ठिपके. भिंगातून एकदा पाहिले की विसरत नाहीत. स्टिग्मिना नावाची दुसरी बुरशीही ओळीतच काळे ठिपके देते, त्या दोघींतला फरक सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगता येत नाही.

हे इथे लिहायचं कारण म्हणजे वेळेचं गणित. स्प्रूसची नवी सुई वसंतातल्या ओल्या दिवसांत रोग घेते, पण तपकिरी-जांभळी पडते कितीतरी महिन्यांनी, कधी पुढच्या वसंतात. म्हणून तिथे नवी सुई अर्धी वाढलेली असताना एक फवारणी आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरी, असं निदान दोन वर्षं करतात. क्लोरोथॅलोनिल किंवा ताम्रयुक्त औषध वापरतात. तपकिरी दिसल्यावर फवारणी करून त्या सुयांचं काही होत नाही. स्प्रूसची सुई एरवी पाच-सात वर्षं टिकते, त्यामुळे लागोपाठ तीन-चार वर्षं पाला गळलेली फांदी मरते. आपल्या मोरपंखीचं वेळापत्रक वेगळं, पण हिशेब हाच: औषध राखतं ते पुढच्या पाल्याला.

कात्री

पावसाची उघडीप बघा आणि पाला पूर्ण कोरडा असेल त्या दिवशीच छाटा. ओल्या झाडात हात घातला की बुरशीचे बीजाणू (तिचं सूक्ष्म ‘बी’) हातावर, कात्रीवर आणि पुढच्या झाडावर. मेलेली फांदी बुडापासून काढा, शेंडेमर असेल तर हिरव्यात दोन इंच आत शिरून कापा. दर झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसा. बाहेरचं हिरवं कवच पूर्ण कापून आतल्या उघड्या लाकडापर्यंत जाऊ नका, तिथे भोक पडलं की ते भरत नाही.

खाली पडलेला आणि फांद्यांच्या बेचक्यांत अडकलेला पाला सगळा काढा. पावसाचा थेंब त्यावर आपटून वर उडतो आणि बीजाणू खालच्या फांदीवर जातात. रोग खालून का सुरू होतो, त्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे खाली हवा खेळत नाही, पाला वाळायला वेळ लागतो. त्यामुळे दोन झाडं एकमेकांत घुसली असतील तर मधली एखादी काढलेली बरी. संध्याकाळी वरून पाणी मारायची सवय असेल तर ती आजच बंद करा. पाणी सकाळी, मुळाशी.

काढलेला पाला घरच्या खतात टाकू नका, गाडीत ओल्या कचऱ्यात द्या. आता कोणी म्हणेल, कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली ती आपल्याच गावातून. खरं आहे. १९२४ मध्ये इथे उभ्या राहिलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती बसवली, त्याच जागी आज कृषी महाविद्यालय आहे. पण त्या पद्धतीत ढीग नीट रचून, वेळच्या वेळी उलटून चांगला तापवतात. आपल्या गच्चीवरचा ड्रम तेवढा तापत नाही.

औषध, आणि ते इतक्या उशिरा का

वरचं सगळं करूनही सीमा सरकत असेल आणि भिंगात बुरशी दिसली असेल, तरच फवारणी. कॉपर ऑक्सीक्लोराईड ५० टक्के, लिटरला ३ ग्रॅम, किंवा मॅन्कोझेब ७५ टक्के, लिटरला २ ते २.५ ग्रॅम. पुडीवरचं लेबल वेगळं सांगत असेल तर लेबलचं ऐका. ही दोन्ही औषधं पाल्याच्या पृष्ठभागावर थर देतात, आत शिरत नाहीत. म्हणून खालच्या फांद्या वर उचलून खोडाजवळच्या बाजूने फवारा, नुसतं बाहेरून चमकवून उपयोग नाही. पहिली फवारणी मृगाच्या पावसाआधी, मग पावसाळ्यात उघडीप बघून १२ ते १५ दिवसांनी. स्टिकर (औषध पाल्याला चिकटवून ठेवणारं द्रव्य) मिसळल्याने थर टिकतो, पण झडीचा पाऊस लागला तर परत मारावंच लागतं. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, वारा पडलेला असताना. मुलं आणि कुत्री-मांजरं आत.

मुळकूज, म्हणजे वरचा तिसरा प्रकार, असेल तर मात्र या फवारणीचा काही उपयोग नाही. कार्बेन्डाझिमचं पाणी मुळाशी ओतण्याची जी पद्धत आहे तीही इथे निकामी, कारण मुळं कुजवणारी फायटॉप्थोरा ही खऱ्या अर्थाने बुरशी नाहीच, वेगळ्या कुळातला जीव आहे आणि कार्बेन्डाझिम त्याला लागू पडत नाही. मेटॅलॅक्सिल असलेलं औषध लागू पडतं, तेही निचरा सुधारला तर.

मुळं बघायची तर गमल्यातलं रोप उलटं करून काढा. निरोगी मूळ घट्ट, आतून पांढरट. कुजलेलं काळपट, आणि चिमटीत ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते, आत दोरा राहतो. थोडीच कुजली असतील तर तेवढी कापा, वाळू आणि चांगलं कुजलेलं खत मिसळलेल्या सैल मातीत लावा, सावलीत ठेवा. निम्म्याहून जास्त गेली असतील तर रोप सोडा. जमिनीतल्या मोठ्या झाडाची मुळं स्वतः उकरत बसू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

निम्म्याहून अधिक झाड तपकिरी झालं असेल. कुंपणाच्या रांगेत एकामागून एक झाड जात असेल, कारण मग दोष मातीत किंवा पाण्यात आहे आणि एकेका झाडावर पैसे घालणं व्यर्थ आहे. जमिनीलगतची साल मऊ, ओली, खाली तांबूस-तपकिरी लागत असेल. दोन फवारण्यांनंतरही सुतळीच्या पुढे वाळणं गेलं असेल. यांपैकी काहीही दिसलं तर नवी पुडी आणू नका, नमुना न्या.

कृषी महाविद्यालयातल्या वनस्पतिरोग विभागात किंवा कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. नमुना म्हणजे पूर्ण वाळलेली काडी नव्हे. हिरवं-तपकिरी दोन्ही असलेल्या तीन-चार डहाळ्या कागदी पाकिटात, प्लास्टिकमध्ये घामाने कुजतात. मुळं आणि मूठभर माती मात्र वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, ओलसर राहू द्या. संपूर्ण झाडाचा एक फोटो, आणि आजवर काय काय फवारलं त्याची चिठ्ठी. ही चिठ्ठी लोक लपवतात, आणि नेमकी तीच तिथे सगळ्यात आधी मागतात.

शिडी लावावी लागेल एवढ्या उंचीचं झाड, किंवा विजेच्या तारांजवळचं, स्वतः छाटू नका. मेलेलं झाड तोडायचं असेल तर शहरात परवानगी लागते, महानगरपालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करावा लागतो. काढल्यावर त्याच खड्ड्यात पुन्हा मोरपंखी किंवा तिच्याच कुळातलं जुनिपर लावू नका, फायटॉप्थोरा मातीत राहतो. काळ्या मातीत कुंपणच हवं असेल तर कामिनी लावा. मोरपंखीचा हट्टच असेल तर जमिनीपासून दीड फूट उंच वाफा बांधून, मुरूम आणि वाळू मिसळलेल्या मातीत, भिंतीपासून तीन फूट सोडून.